कोचीच्या अलीकडे

जहाजाच्या नाकावर नारळ फोडला तेव्हा जहाजाने टक्कर झाल्याची नोंद केली आणि मराठी, हिंदी, इंग्रजीतून सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला सांगितलं. चेअरमनसाहेब, त्यांच्या सौभाग्यवती, भटजी आणि बँडवाले केशरी जॅकेटं घालून ओळीत उभे राहिले. सनईवाल्याला जॅकेटमुळे दम पुरेना. फोटो मात्र झकास आले.

चूक जहाजाची नव्हती. नारळ म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवण्याची नोकरी माझी होती.

मी निषाद तोडणकर. कागदोपत्री माझा हुद्दा ‘कनिष्ठ संवेदन प्रशिक्षक’. आमच्या भाटखोल गावात मात्र सगळे सांगायचे, “हर्षदाचा भाचा बोटीला चालायला शिकवतो.” कागदापेक्षा हे जास्त बरोबर होतं.

‘अपरांत’ भाटखोलच्या खाडीत बांधलं गेलं. क्रूझ जहाज घरासारखं खालून वर बांधत नेतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आधी त्याचे तुकडे होतात, एकेक तुकडा दोन-तीन मजल्यांचा. तोही उलटा बांधतात, कारण मान वर करून छताला वेल्डिंग करण्यापेक्षा खाली बघून केलेलं सोपं. मग क्रेन तो सुलटा करते आणि गोदीत नेऊन शेजारच्या तुकड्याला चिकटवते. केबिन तर कपाटातल्या खणासारख्या बाहेरून आत सरकवतात. पलंग, आरसा, न्हाणीघर, टॉवेलाची दांडी, सगळं आतमध्ये तयार. एकदा आत रंगारी झोपलेला असताना केबिन सरकवली गेली. तो सातव्या मजल्यावर जागा झाला. समुद्र दिसणारी खोली आपल्याला फुकट मिळाली, असं तो अजून सांगतो.

हे सगळं जगात इतरत्रही होतं. ‘अपरांत’मध्ये नवीन होता तो तळवा.

सगळ्या मजल्यांवर, गालिच्याखाली, केसासारखे बारीक काचेचे तंतू अंथरले होते. त्यांतून सतत उजेड वाहतो. वर पाय पडला की तंतू किंचित ताणला जातो आणि उजेडाचा रंग किंचित सरकतो. तेवढ्यावरून जहाजाला कळतं, इथे कुणीतरी उभं आहे आणि भार डाव्या पायावर आहे. शिवाय हृदय दर ठोक्याला रक्त वर फेकतं तेव्हा, बंदूक उडाल्यावर दस्ता मागे बसतो तसा, शरीराला खाली उलटा धक्का बसतो. इतका लहान, की आपल्याला जन्मभर पत्ता लागत नाही. तळव्याला लागतो. म्हणजे आपण नुसते उभे असलो तरी जहाज आपली नाडी बघत असतं, आणि वर पथ्य सांगत नाही.

हा खटाटोप उलटीसाठी. बोट लागणार असली की पोटाच्या आधी पायांना कळतं. माणूस उभ्या उभ्या निराळाच डुलायला लागतो. त्याला स्वतःला काही कळलेलं नसतं, तो भजी मागवत असतो. तळवा ते डुलणं ओळखतो आणि जहाज सांभाळून घेतं: पाण्याखालचे पंख फिरवतं, वेग उतरवतं, लाटेला जरा तिरकं होतं. कंपनीची जाहिरातच होती, ‘दोन हजार प्रवासी, एकही उलटी नाही’. म्हणून तळव्याला नियमही तसाच घातला: एक जरी प्रवासी अस्वस्थ असला तरी आधी त्याचं बघायचं, मग पुढे जायचं. नियम ज्यांना सुचला त्यांना बढती मिळाली. तो प्रवासी कोण हे दाखवायला कायद्याने बंदी होती. स्क्रीनवर नुसता आकडा यायचा.

आता, अस्वस्थ म्हणजे काय हे यंत्राला सूत्रात सांगता येत नाही. माणसं दाखवावी लागतात, भरपूर. म्हणून जहाज गोदीत असतानाच आम्ही पंचक्रोशीतली माणसं पाहुणे म्हणून बोलावली. नाश्ता करा, जहाज बघा, जेवा आणि जा. माणसं आली, जहाज बघितलं, जेवली आणि निघाली. निघाली म्हणजे शिडीशी आली, “चला, निघतो” म्हणाली आणि हलली नाहीत. चपला घालून, पिशव्या काखेत मारून बोलत उभी राहिली.

“एवढ्यात? चहा टाकते ना,” आमच्याकडची कुणीतरी म्हणायची.

“नको नको, उशीर झाला.”

“दोन घास खाऊनच जा.”

“आत्ताच जेवलो की हो तुमच्याकडे!”

“असं कसं, थांबा बघू!”

तिसऱ्या खेपेला कुठे पाहुण्याचे खांदे सैल व्हायचे, नाडी निवायची, भार पुढच्या पायावर यायचा आणि माणूस जायचा. तळव्याने हे सगळं मन लावून पाहिलं. आम्ही कुणी पाहिलं नाही. आपण श्वास कसा घेतो हे कोण बघत बसतं?

हर्षदाआत्या माझी सख्खी आत्या. आईबाबा मस्कतला असल्यामुळे मी शाळेपासून तिच्याकडेच. यार्डात शिवणविभाग तिचा होता. ‘अपरांत’चे सगळे पडदे आणि खुर्च्यांचे अभ्रे तिच्या हाताखालच्या बायकांनी शिवले. समुद्रातल्या पहिल्या चाचणीत एका ठरावीक वेगाला सगळ्या पडद्यांच्या कड्या एकदम किणकिणायला लागल्या. आत्या तडक इंजिनरूममध्ये उतरली. तिथे मॅथ्यू चाको होते. कोचीचे, विधुर, निवृत्तीला टेकलेले, इंजिन बसवून द्यायला आलेले.

“तुमच्या इंजिनामुळे माझ्या कड्या वाजतात,” आत्या म्हणाली.

चाको साहेबांनी कानांवरचे हेडफोन काढले. “मॅडम, इंजिन बरोबर आहे.”

“मग कड्या चुकीच्या आहेत?”

“असं मी नाही बोललं.”

“बोलून बघा.”

चाको साहेब वर आले आणि केबिन केबिन फिरून त्यांनी कड्या ऐकल्या. इंजिनाखालचे रबर बदलले. कड्या गप्प झाल्या. त्यानंतरही ते बरेच महिने गप्प कड्या ऐकायला येत राहिले, आणि आत्या त्यांना त्या ऐकवत राहिली.

एका दुपारी बांगड्याचं कालवण वाढता वाढता आत्या म्हणाली, “निषाद, मी आणि चाको साहेब लग्न करतोय. कोचीला राहणार. तुला काय वाटतं?”

मी बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मी म्हणालो, “छान. तिकडे बांगडा स्वस्त असतो म्हणे.”

“बस? एवढंच?”

“खोबरंही.”

मी आधुनिक भाचा होतो. रडारड नाही, मोडता नाही. मी तिचं सामान भरून दिलं. भांड्यांना वर्तमानपत्र, काचेला बुडबुड्यांचा कागद, मिक्सर वेगळा, प्रत्येक खोक्यावर आत काय आहे त्याची चिठ्ठी. शेजारच्या तोरस्करवहिनी बघून म्हणाल्या, “पोराने काय घाई लावलीय हो!” मला ती स्तुती वाटली.

ठरलं असं, की ‘अपरांत’च्या पहिल्याच फेरीत आत्या कोचीला उतरणार आणि त्याच दुपारी नोंदणी कार्यालयात लग्न. चाको साहेब खोकी घेऊन पुढे गेले होते आणि घर रंगवत होते. मी नोकरीवर, म्हणजे जहाजावर. मला पुढे माले बंदरापर्यंत जायचं होतं.

पहिली फेरी तशी दृष्ट लागण्यासारखी चालली. कुणाला उलटी नाही. एका काकांना तर बोटीवर आहोत हेच पटेना, ते सारखे खिडकीतून खात्री करून घेत होते. फक्त गोव्याला, धक्क्याच्या अलीकडे, जहाज उगाचच घुटमळलं. उतरणारे प्रवासी दाराशी जमले होते. स्टुअर्ड सगळे भाटखोलचेच, त्यांनी सवयीने सुरू केलं, “काय हे, इतक्यात उतरता? राहा की कोचीपर्यंत!” थोड्या वेळाने जहाज आपसूक पुढे सरकलं. कॅप्टन फिलोमिना लोबो, वेंगुर्ल्याच्या, यांनी पाण्याच्या ओढीला दोष दिला. पाणी काही बोललं नाही.

कोचीचा किनारा दिसायला लागला आणि जहाज थांबलं. बंद पडलं नाही. थांबलं. दूर कुठेतरी वादळ होऊन गेलं होतं, त्याच्या लांबच लांब लाटा येत होत्या, आणि त्यांत हे पंख पसरून, चहाचा पेला हिंदकळू न देता, शांत उभं. स्क्रीनवर आकडा होता: एक.

“तोडणकर, हे काय?” कॅप्टननी मला ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात तिथे, बोलावून घेतलं.

“एक माणूस अस्वस्थ आहे, मॅडम.”

“कोण?”

“सांगायला कायद्याने बंदी आहे.”

“कायदा ऱ्हवांदे. तुला माहीत आहे का?”

मला माहीत होतं. आदल्या रात्रीपासून मला घास गिळवत नव्हता. जहाजाला माझे पाय जितके ओळखीचे तितके कुणाचेच नव्हते. “मी,” म्हटलं.

“पोट बिघडलंय?”

“आत्या उतरतेय.”

कॅप्टननी बटणांच्या फळीकडे हात नेला. “मी तळवा बंद करते आणि हाताने नेते.”

“पंखही बंद पडतील, मॅडम. या लाटांत दोन हजार लोक...”

“जाहिरात मी पण वाचलीय. जेवणापर्यंत थांबते. मग बंद.” त्यांनी विचार केला. “नाही, जेवणाच्या आधीच बंद. भरल्या पोटाने जास्त वाईट.”

त्यांनी आधी आत्याला लाइफबोटीतून पुढे पाठवायचं सुचवलं. आत्या खालच्या मजल्यावर, उतरायच्या दाराशी, स्वतःच्या सुटकेसवर बसली होती. मोतिया रंगाची साडी आणि जहाजाच्या उरलेल्या पडद्याचा ब्लाऊज.

“लाइफबोटीतून लग्नाला?” ती म्हणाली. “लोक म्हणतील, नवरी बुडताना वाचवली. आणि वेळ चुकली तर चुकली. परत येईन याच बोटीने.”

मग मीच उतरायचं ठरलं. माझे पाय फरशीवरून गेले की अस्वस्थपणा गेला, जहाज निघालं, मी मागून लाइफबोटीतून कोचीला. शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष योजना होती. दोन खलाशांबरोबर मला दोरांवरून समुद्रात सोडलं. वरच्या मजल्यांवरून प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रम तिकिटातला आहे. आम्ही थोडं लांब जाऊन थांबलो. जहाज हललं नाही.

वॉकीटॉकी खरखरला. “तोडणकर, तू नक्की उतरलास ना?”

“माझी पँट भिजलीय, मॅडम.”

“आकडा एकच आहे अजून.”

तेव्हा मला आठवलं की तळवा कर्मचाऱ्यांना मोजतच नाही. आमच्या पोटांची हमी जाहिरातीत नव्हती, म्हणून आम्हाला वगळायचं मीच त्याला शिकवलं होतं. घास माझा अडकला होता, दुःख माझं होतं, आणि जहाजाला त्याचं काडीचं पडलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर अपमान वाटला.

मग कोण?

लाइफबोटीतून ते खालचं उघडं दार समोर दिसत होतं. कोचीला उतरणारे तिथे गर्दी करून उभे, आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी स्टुअर्ड “राहा की हो” म्हणून धरून ठेवत होता. लोक हसत होते, नाही नाही म्हणत होते. त्यांच्या मधोमध आत्या, सुटकेसवर. तिला कुणी धरत नव्हतं. ती पाहुणी थोडीच होती? पोरं येऊन तिच्या पाया पडत होती आणि म्हणत होती, “जा आत्या, सुखी राहा.”

ती बसली होती त्या बसण्याचा आलेख मी झोपेतही ओळखला असता. भार मागच्या पायावर, खांदे वर, श्वास अर्धा. निघतो म्हणून झालेलं आहे आणि अजून कुणी थांब म्हटलेलं नाही, असा माणूस. तळव्याच्या लेखी तो आजारीच. गोव्याला जहाज का घुटमळलं तेही मला आत्ता कळलं. थांबवल्याशिवाय माणूस सोडायचा नसतो, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं. इतक्या महागाच्या यंत्राला.

आणि खरं म्हणजे तेव्हा मला आनंद झाला. मी काहीच केलं नाही तर कॅप्टन काय करायचं ते करतील. पण त्या गोंधळात कार्यालय बंद होईल, आणि आत्या परत येईन म्हणालीच होती. खोकी परत मागवून मी उघडून दिली असती. मिक्सर कुठल्या खोक्यात आहे ते मला माहीत होतं.

मी खलाशांना म्हटलं, “परत फिरवा.”

वर आलो तो पँट निथळतच. आत्याशेजारी जमिनीवर बसलो.

“पोहायला गेला होतास?” आत्याने विचारलं.

“आत्या, थांबा की जरा. एवढी काय घाई?” मी म्हणालो.

“हे काय स्टुअर्डासारखं? आणि मला अहो-जाहो कधीपासून?”

वॉकीटॉकीवर कॅप्टनचा आवाज आला: “आकडा एकच.” तळव्याला नक्कल कळत होती. ती कळावी म्हणूनच मी दोन वर्षं घालवली होती.



“तू माझं सामान फार छान भरलंस,” आत्या म्हणाली. “शेगडीच्या बटणांनासुद्धा कागद गुंडाळलास. इतकं नीट, की मला वाटलं हा कधीपासून वाटच बघतोय. वाईट नाही वाटलं हं. तरुण पोराला घर मोकळं हवं असतं. पण बेचाळीस खोक्यांपैकी एक तरी तू उशिरा भरायचंस रे.”

माझ्याकडे उत्तर होतं. सहा-सात होती, त्यांतली दोन चांगली विनोदी होती. ती तोंडापर्यंत आली आणि मी ती गिळली; आदल्या रात्रीपासून पहिल्यांदाच काहीतरी गिळलं गेलं.

“जाऊ नकोस,” मी म्हणालो.

आत्याने माझ्याकडे वळून बघितलं.

“मला स्वयंपाक येतो, गॅस बंद करायचा लक्षात राहतो, प्रश्न त्याचा नाही. तू त्या मालिका लावतेस ना मोठ्याने, मी आतून ओरडतो बंद कर म्हणून. तू गेलीस की मी कुणाला ओरडू? इतकी वर्षं मी बाहेरून आलो की तू विचारतेस, ‘आलास?’ समोर उभा असतो मी, तरी विचारतेस. मला कायम वाटायचं, किती निरर्थक प्रश्न आहे. नको ना जाऊस आत्या. थांब. खरंच थांब.”

माझं नाक वाहायला लागलं. रुमाल भिजलेल्या पँटच्या खिशात होता. आत्याने पदराचं टोक पुढे केलं, मग मोतिया रंग आठवून मागे घेतलं आणि ब्लाऊजच्याच कापडाची एक चिंधी पर्समधून काढून दिली.

“थांबू?” तिने विचारलं. गंमत म्हणून नाही. मी हो म्हटलं असतं तर ती खरंच थांबली असती. ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

“थांब.”

आत्याने एक मोठा श्वास घेतला. खांदे खाली आले. ती बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून बसली, आणि मग हाताने साडीच्या निऱ्या सारख्या केल्या.

“नाही रे बाबा,” ती म्हणाली. “माणूस तिकडे उन्हात उभा आहे.”

आणि उठली. फरशीखाली कुठेतरी इंजिनाचा आवाज भरत गेला. कोची हळूहळू मोठी व्हायला लागली. वॉकीटॉकीवर कॅप्टन लोबो “आकडा शून्य, आकडा शून्य” असं ओरडत होत्या आणि मागे कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

धक्क्यावर चाको साहेब पांढऱ्या शर्टात उभे होते, शर्टावर रंगाचा एक निळा ठिपका. नोंदणी अधिकाऱ्याने मला विचारलं, वधूचे तुम्ही कोण? मी भाचा म्हणायच्या आत आत्या म्हणाली, “हा माझा आहे,” आणि त्याने तेवढ्यावर भागवून घेतलं. मी साक्षीदाराची सही केली. तिघं मिळून घरी गेलो. भिंती निळ्या होत्या, खोकी हॉलमध्ये रचलेली होती. चाको साहेबांनी स्वतः केलेलं माशाचं कालवण वाढलं. त्यात कोकम आमच्यासारखं नव्हतं, पण मी दोनदा घेतलं.

मग जहाजाची वेळ झाली. मी चपला घातल्या. “चला, निघतो.”

“ओके,” चाको साहेब म्हणाले आणि प्रेमाने दार उघडून दिलं. “बाय बाय.”

“अहो!” आत्या म्हणाली. “असं नसतं.”

“मग कसं?”

“थांबवा त्याला.”

चाको साहेबांनी इंजिनाकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं, आणि माझं मनगट धरलं. “थांबा.”

“नको साहेब, जहाज सुटेल.”

“थांबा. मासे बाकी आहे.”

“पुढच्या वेळी नक्की.”

“थांबा.” ते अडखळले. बाहेर लख्ख ऊन होतं. “पाऊस येणार.”

तीन खेपा झाल्या. इथे सोडायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते धरूनच राहिले, कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून. आणि पकड आयुष्यभर नट-बोल्टचे पाने फिरवलेल्या माणसाची होती. मी आत्याकडे बघितलं. तिने आधी हसून घेतलं, पोटभर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पुढे आली, त्यांच्या मुठीतून माझं मनगट हलकेच सोडवलं, आणि म्हणाली, “जा.”

एकदाच म्हणाली.